वृक्षवलये व वणव्यांचा इतिहास
वृक्षवलये व वणव्यांचा इतिहास : खोडातील वार्षिक वलयांवरून जळल्याच्या व्रणांचा काल ठरवून एखाद्या वनात पूर्वी वणवे केव्हा व किती वेळा लागले, हे निश्चित करण्याची पद्धती. ती वृक्षवलयकालविज्ञानाची शाखा असून त्या विज्ञानाचा पाया ए. ई. डग्लस या अमेरिकन ज्योतिर्विदाने घातला. अ‍ॅरिझोना विद्यापीठात त्याने १९३७ मध्ये स्थापिलेली प्रयोगशाळा या अभ्यासाचे प्रमुख केंद्र आहे.

जमिनीलगतच्या सौम्य वणव्यात जाड सालीचा वृक्ष सहसा मरत नाही. मात्र बुंध्याच्या एका बाजूस सालीखालील वाढीचा थर (ऊतककर) तेवढ्यापुरता मरतो. पुढील वर्षांची वलये जखमेवर दोन्ही कडांनी वळत येतात. उघड्या भागास सालीचे संरक्षण नसल्याने नंतरचे वणवेही बहुधा तेथेच व्रण करतात व एकाच बुंध्यात कित्येक वणव्यांची नोंद सापडते. व्रण वलयाच्या आरंभीच्या फिकट लाकडात आहे की अखेरच्या गडद लाकडात, यावरून ऋतूही कळतो. केवळ मोजणीने मात्र भागत नाही. काही वर्षी वलय तयारच होत नाही, तर काही वर्षी दोन झाल्याचा भास होतो; म्हणून रुंद-अरुंद वलयांचा क्रम अनेक वृक्षांत ताडून पाहावा लागतो. वन समूळ जाळणाऱ्या वणव्याचा व्रण अर्थातच मिळत नाही. तेथे नंतर उगवलेल्या वृक्षांच्या वयाचा आधार घेतात.

या पद्धतीचे सर्वांत उद्बोधक उदाहरण कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतावरील महाकाय सिक्वोयांचे होय. टॉमस स्वेटनम यांनी तेथील पाच वृक्षराजींतील सु. २,००० वर्षांचा इतिहास १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. इ. स. सु. १००० ते १३०० या उष्ण काळात वणवे वारंवार लागत, पण ते लहान असत. त्याआधीच्या व नंतरच्या थंड शतकांत ते विरळ, पण विस्तीर्ण होते. वारंवार लागणारी आग पालापाचोळा साठू देत नाही, हे याचे कारण. १८६० नंतर मात्र व्रण एकाएकी तुरळक होतात. मेंढ्यांनी गवत फस्त केले, मूळ रहिवाशांची वने जाळण्याची प्रथा मोडली आणि पुढे सरकारी अग्निशमन आले. १९१० मधील आयडाहो-मॉन्टॅनातील भीषण वणव्यांनंतर हे धोरण कडक होत गेले. प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहापूर्वी आटोक्यात आणावी, असा दंडक १९३५ मध्ये घातला गेला. आग ही वनाची निव्वळ शत्रू, हे त्यामागील गृहीत वलयांच्या पुराव्यापुढे टिकत नाही. सिक्वोयाची फळे आगीच्या उष्णतेने सुकून उघडतात व बी राखेत रुजते.

सिक्वोया राष्ट्रीय उद्यानात १९६० नंतरच्या दशकात नियंत्रित जाळणी सुरू झाली. तथापि तिची व्याप्ती अपुरी राहिली. साठलेले जळण, २०१२–१६ चे अवर्षण व वाढते तापमान यांमुळे २०२० च्या कॅसल वणव्यात सिएरा नेवाडातील मोठ्या सिक्वोयांपैकी अंदाजे १० ते १४ टक्के नष्ट झाले. त्यांतील पुष्कळ वृक्षांनी पूर्वी अनेक वणवे पचविलेले होते.