चंद्राच्या मागून आलेला पेपर

सोमवार, २१ जुलै १९६९. पुण्याहून सकाळच्या एस.टी.नं सुप्याला जो पेपर आला, त्यात माणूस अजून चंद्रावर उतरायचा होता. खरं तर आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन आपल्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्रीनंतर पावणेदोनलाच उतरून बसले होते. सकाळी ८ वाजून २६ मिनिटांनी आर्मस्ट्राँगनं शिडीवरून खाली पाय टाकला, तेव्हा आमच्या स्टँडवर गठ्ठ्याची सुतळी सुटत होती.

यात पेपरवाल्यांचा दोष नव्हता. तेव्हा एकेक खिळा जुळवून मजकूर उभा करायचे, पानं बांधायचे आणि मग छपाई. शहरातल्या अंकात उशिराची बातमी घुसवता यायची. गावोगावी जाणारी डाक आवृत्ती मात्र त्याआधीच छापून गाडीची वाट बघत असायची. सुप्याच्या नशिबी डाक आवृत्ती. तरी तो अंक ज्या रस्त्यानं आला त्या रस्त्याचा आम्हाला फार अभिमान. १ जून १९४८ रोजी राज्यातली पहिली एस.टी. धावली ती याच नगर-पुणे रस्त्यावर.

स्टँडवर तात्यांचं चहाचं हॉटेल होतं. मी शाळकरी, आवाज खणखणीत, म्हणून पेपर मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडे. वाळवण्याची, हंग्याची माणसं गाडी धरायला आली की बाकावर बसून ऐकत. त्या सोमवारी मी वाचलं की यान चंद्राजवळ पोचलंय आणि आता उतरणार. तेवढ्यात ज्यांच्या घरी रेडिओ होता ते एकजण आले आणि म्हणाले, "उतरला की! आकाशवाणीनं सांगितलं."

झालं, बाकाचे दोन तट पडले. रेडिओवाले म्हणत, उतरला. पेपरवाले म्हणत, छापलेलं खोटं कसं असेल? बोललेलं हवेत जातं, छापलेलं हातात राहतं. वाद एवढा तापला की नगरची गाडी निघून गेली आणि तीन पेपरवाले मागे राहिले. मंगळवारच्या अंकानं निकाल दिला. पहिल्या पानावर या कडेपासून त्या कडेपर्यंत चंद्र. पेपरवाले तो अंक हातात धरून म्हणाले, "आता उतरला."

जुने मथळे पुढं मी पुण्यात ग्रंथालयाच्या फायलींतून पुष्कळ वाचले. पण मथळा पुरा होतो तो ऐकणाऱ्यांच्या तोंडी, असं माझं ठाम मत त्या हॉटेलातच झालं. चंद्रावर माती सापडली म्हटल्यावर लगेच प्रश्न आला, काळी का मुरमाड? मी पुढं वाचलं, पाणी नाही, झाड नाही, नुसते दगड आणि धूळ. "मंग एवढ्या लांब कशाला गेले? पारनेर तालुक्यात उतरायचं!" सगळं हॉटेल हसलं. आमचा तालुका पर्जन्यछायेतला आणि जुलै निम्म्याच्या पुढं गेलेला. हसतानाही लोक दारातून आभाळाकडे बघत होते.

घरी आजीला वाचून दाखवलं. तिनं एकच विचारलं, "पायातलं काढलं होतं का?" दर संकष्टीला चंद्राला अर्घ्य देऊन मगच जेवणारी बाई ती. चंद्र दिसला नाही तर ताट तसंच झाकून बसायची. बूट घालूनच फिरले म्हटल्यावर तिला खरंच वाईट वाटलं. मी समजूत काढली, तिथं हवाच नाही, बूट काढले असते तर मेले असते. थोडा विचार करून ती म्हणाली, "मग राहू दे. जीव मोठा."

या चंद्रानं दुसरी एक बातमी पार दाबून टाकली होती. १९ जुलैला सरकारनं वटहुकूम काढून १४ बँका ताब्यात घेतल्या, आपली बँक ऑफ महाराष्ट्रही त्यात. त्यावर सही केली हंगामी राष्ट्रपती गिरींनी आणि दुसऱ्याच दिवशी राजीनामा देऊन राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला उभे राहायला मोकळे झाले. राष्ट्रपती झाकीर हुसेन मे महिन्यातच वारलेले, उपराष्ट्रपती गिरी आता बाहेर पडलेले. म्हणून सरन्यायाधीश हिदायतुल्लांना राष्ट्रपतींच्या खुर्चीत बसवलं. हे सगळं एका दमात वाचल्यावर एक म्हातारे म्हणाले, "माणसं वर गेल्यात म्हणून खाली बसायला कुणी उरलं नाही का काय?"

बँकांच्या बातमीवर मात्र कुणी हसलं नाही. देशभर सव्वाआठ हजारांच्या आसपास शाखा, त्यात खेड्यांतल्या दोन हजारही नव्हत्या. आमच्या लोकांना ठाऊक होती ती सोसायटी, आणि तिच्या आधीचा सावकार. नावाचंच दुसरं सुपं पुणे जिल्ह्यात आहे. १२ मे १८७५ ला तिथल्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची खतं जाळली, आणि ते लोण पारनेरपर्यंत आलं. म्हणून बँक सरकारची झाली हे ऐकल्यावर बाकावरून प्रश्न आला तो असा: "खत लिहून घेणारा बदलला, का खतच बदललं?" त्या दोन दिवसांत देशभरच्या पेपरांत जे काही छापून आलं असेल, त्यात यापेक्षा नेमका प्रश्न कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही.

आमचे मोठे मामा यातलं काहीच ऐकत नव्हते. आषाढ शुद्ध सप्तमी होती, एकादशी चार दिवसांवर, आणि ते दिंडीत पंढरीच्या वाटेवर. काला करून परत आले तेव्हा मी जपून ठेवलेले दोन्ही अंक त्यांना वाचून दाखवले. त्यांनी राष्ट्रपती ऐकले, बँका ऐकल्या. चंद्रावर आल्यावर थांबवलं. "तिघं गेले म्हणतोस, उतरले दोघं. तिसरा कुठं?"

तिसऱ्याचं नाव मायकेल कॉलिन्स. तो वर यानातच घिरट्या घालत राहिला, ते दोघं परत येईपर्यंत. मोठ्या अक्षरांत त्याच्या वाट्याला फारसं काही आलं नव्हतं. मामांना त्या वर्षी गर्दीत बारी सोडावी लागली होती, कळसाला हात जोडून ते माघारी आले होते. ते कॉलिन्सच्या बाजूनं लगेच उभे राहिले. "एवढं चालून गेला आन् कळसावरून फिरला. पुढल्या खेपेला त्याला आधी उतरवा म्हणावं."

ऑक्टोबरात ते तिघं मुंबईला येऊन गेले. तो पेपर मी वाचायला घेतला तेव्हा मामांच्या पुढ्यात चहा होता. कॉलिन्सचं नाव येईपर्यंत त्यांनी कपाला हात लावला नाही.