झोळी, पावती आणि नातीची यादी

परवा नातीने मोबाईलवर एक चौकोनी चित्र पाठवले. काळे-पांढरे ठिपके आणि खाली कॉलेजच्या सेवा गटाचे नाव. "आजी, हे स्कॅन कर आणि जमेल तेवढे पाठव. तुझ्या मैत्रिणींनाही सांग." २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला जो पूर आला, त्यात आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या माढा, मोहोळकडच्या गावांत पाणी शिरले होते, त्या वेळची ही गोष्ट. मी पैसे पाठवले. पाठवणे म्हणजे काय, अंगठा टेकवला आणि झाले. कोणी दारात आले नाही, मी डबा उघडून नोट काढली नाही. बरे वाटले आणि थोडे चुकल्यासारखेही वाटले. त्यावरून जे आठवत गेले ते लिहिते आहे.

विद्यार्थ्यांनी समाजासाठी पैसे गोळा करायचे ही कल्पना आपल्याकडे बाहेरून आली असे पुष्कळांना वाटते. इंटरॅक्ट, रोटरॅक्ट ही नावे इंग्रजी आहेत आणि ते क्लब १९६२ आणि १९६८ साली अमेरिकेत सुरू झाले हेही खरे. पण हातात झोळी घेऊन दारोदार जाणारा विद्यार्थी आपल्या गावांना फार जुना. फरक एवढाच की तो स्वतःच्या पोटासाठी जायचा.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, १९२७ च्या सुमारास खेड्यातून सोलापूरला शिकायला आले ते वार लावून. तरुण वाचकांसाठी सांगते, वार लावणे म्हणजे सोमवारी एका घरी जेवायचे, मंगळवारी दुसऱ्या, असे आठवड्याचे सात दिवस सात घरी. ज्यांना सात घरे मिळत नसत ते उरलेल्या दिवशी माधुकरी मागत. अण्णांना पाचच घरे मिळाली होती. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा ते सुटीत एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहायला थांबले होते. संध्याकाळी बाहेर पडायची बंदी, त्यामुळे रात्रीच्या जेवणाच्या घरी जाता येईना. चार फासावर गेलेल्या वीरांची नावे सोलापुरात लहान पोरालाही पाठ असतात. अण्णा मात्र मार्शल लॉ म्हटले की आधी फुटाणे खाऊन काढलेल्या रात्रींबद्दल सांगायचे.

वाराच्या घरांबद्दल ते वाईट कधी बोलले नाहीत. पण एक गोष्ट सांगायचे. पाच घरांपैकी चार घरी पानात पडेल ते खायचे. गुरुवारच्या घरी एक आजी होत्या, त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले, "तुला काय आवडतं रे?" अण्णांना काय उत्तर द्यावे कळेना. मग त्यांनी शेंगांची चटणी सांगितली, कारण ती त्या घरात असणारच याची त्यांना खात्री होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण माझ्या वयाचे लोक वार आणि माधुकरीच्या आठवणी फार गोड करून सांगतात. ही सोय बहुतेक ब्राह्मण मुलांनाच होती. दलित किंवा गरीब कुणब्याच्या पोराला सोमवार नाही की गुरुवार नाही, त्याला कोणी ओसरीवरसुद्धा घेत नसे. म्हणून कर्मवीर भाऊराव पाटलांचे काम मला एवढे मोठे वाटते. १९१९ साली काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ पासून साताऱ्याला सगळ्या जातींची मुले एका छपराखाली, एका पंगतीत बसवली. मुलांना खायला घालायला पैसे नव्हते तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडले, हे सर्वांना माहीत आहे. मला त्याहून विचार करायला लावतो तो मुष्टिफंड. घरातल्या बाईने रोज दळणातले मूठभर धान्य वेगळ्या मडक्यात टाकायचे आणि बोर्डिंगच्या मुलांनी ठरल्या दिवशी ते गोळा करून आणायचे. मागणारा पुन्हा विद्यार्थीच. पण आता तो एकट्याच्या पोटासाठी मागत नव्हता, शेजारी झोपणाऱ्या साऱ्यांसाठी मागत होता, आणि शेजारी झोपणारा कोणत्याही जातीचा असू शकत होता. आपल्या जिल्ह्यात बार्शीला १९३४ साली मामासाहेब जगदाळ्यांनी जी शिक्षण संस्था उभी केली ती याच वाटेवरची.

याच्या आधीचा पैसा फंडही विसरून चालणार नाही. अंताजी दामोदर काळे यांची ती कल्पना, माणशी वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग काढायचे. टिळकांनी ती उचलून धरली आणि १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. पैशापैशातून कारखाना! असो. तो विषय वेगळा आहे आणि मोठा आहे.

मी स्वतः दारोदार गेले ते १९७३ साली, बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला असताना. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तेव्हा व्ही. के. आर. व्ही. राव केंद्रात शिक्षणमंत्री होते. ३७ विद्यापीठे आणि ४०,००० विद्यार्थी एवढ्यावर सुरुवात झाली. सोलापूरची कॉलेजे त्या वेळी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती, सोलापूरचे स्वतःचे विद्यापीठ २००४ साली झाले. १९७२ चा दुष्काळ पडला आणि आम्हा एन.एस.एस. च्या मुलामुलींना काम मिळाले. त्या वर्षीच्या देशभरच्या शिबिरांचा विषयच होता दुष्काळाविरुद्ध युवक.

ज्यांनी तो दुष्काळ पाहिला त्यांना वर्णन नको आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना ते खरे वाटायचे नाही. रेशनवर लाल मिलो मिळायचा, त्याची भाकरी थापता थापता तुटायची. कामावर सुकडी वाटायचे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. शेतकरी, ज्यांनी कधी दुसऱ्याच्या बांधावर कुदळ मारली नव्हती, ते बायकामुलांसह खडी फोडत बसले होते. आम्ही ज्या पाझर तलावाच्या कामावर जात असू तिथे तान्ही मुले उन्हात फडक्यावर निजवलेली असायची. त्यांच्यासाठी तरटाची सावली करायची आणि पाण्याचे रांजण घ्यायचे, एवढ्यासाठी आम्ही वर्गणी काढायचे ठरवले.

घरी सांगितले आणि अण्णा ताटावरून उठले. एवढे चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "या घरातलं कुणीही पुन्हा झोळी घेऊन दुसऱ्याच्या दारात उभं राहणार नाही." मी म्हटले, अण्णा, मी माझ्यासाठी थोडीच मागते आहे. ते म्हणाले, "दार उघडणाऱ्याला ते दिसत नाही. त्याला तुझा हात दिसतो." आई मध्ये पडली म्हणून मला जाता आले. निघताना अण्णांनी एकच अट घातली, प्रत्येकाला पावती द्यायची आणि रात्री हिशेब त्यांना दाखवायचा.

आम्ही नव्या पेठेत फिरलो, बाळीवेशीत फिरलो, मग पूर्व भागात गेलो. तिथे मागाची खटखट आणि सगळीकडे तेलुगू, मला चार शब्दांच्या पुढे येत नव्हती. एका घराच्या ओट्यावर एक बाई सुपात पाने घेऊन विड्या वळत बसली होती. तिच्याकडे मागायचे नाही असे आम्ही आपसात ठरवूनच पुढे निघालो होतो. तिनेच हाक मारली, कशासाठी फिरता विचारले आणि कमरेच्या पिशवीतून चार आणे काढून दिले. वर म्हणाली, "पावती दे." मी हसून म्हटले, चार आण्याची काय पावती मावशी! आणि पुढच्या घरी गेले.

रात्री अण्णांनी पावतीपुस्तक आणि पैसे समोर घेतले. पावत्यांची बेरीज ४१२ रुपये, रोख ४१२ रुपये २५ पैसे. मी म्हटले, कमी नाहीत ना, जास्तच आहेत. अण्णा म्हणाले, "जास्त आहेत म्हणजे कुणीतरी दिले आणि तू ते लिहिले नाहीस. कोण ते?" मला लगेच आठवले आणि सांगायची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा स्वतः माझ्याबरोबर आले. जे दुसऱ्याच्या दारात जायला तयार नव्हते ते त्या ओट्यासमोर उभे राहिले. मी पावती फाडली. तिला वाचता येत नव्हते. तिने कागद उलटा धरून नीट पाहिला, घडी घातली आणि सुपात तंबाखूच्या डब्याखाली ठेवला. अण्णांनी तिला नमस्कार केला. परत येताना दोघेही काही बोललो नाही.

पुढे मी शिक्षिका झाले आणि शाळेत मुलांचा सेवा गट चालवू लागले. ध्वजनिधीची तिकिटे, अंधांसाठी मदत, असे दरवर्षीचे ठरलेले उपक्रम, त्यात सांगण्यासारखे विशेष नाही. पावतीचा धडा मात्र मी प्रत्येक तुकडीला दिला आणि आपल्याला आता सगळे येते अशी माझी समजूत झाली.

मग ३० सप्टेंबर १९९३ उजाडला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जनाहून आलेली माणसे नुकती कुठे आडवी झाली होती. पहाटे चारच्या सुमारास सोलापुरातही भांडी खणाणली. दिवस वर आला तसे किल्लारीचे नाव कानावर आले आणि दुपारपर्यंत सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जखमींना ठेवायला जागा उरली नाही. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतली ती गावे, दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद, झोपेतच लोकांवर कोसळली. हजारो माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

पहिले दोन दिवस आमच्या मुलांनी कडक भाकरी आणि शेंगांची चटणी गोळा केली. सोलापूरची कडक भाकरी आठ दिवस टिकते, ती पाठवायची कल्पना एका मुलाच्या आजीची. ते काम चांगले झाले. मग मी वर्गावर्गात सूचना काढली, घरातले जुने कपडे आणा. चार दिवसांत एक वर्गखोली छतापर्यंत भरली. मुलांना केवढा आनंद! आम्ही काही शिक्षक आणि दहावीची मोठी मुले ट्रक घेऊन नळदुर्ग, उमरगा करत सास्तूरच्या बाजूला गेलो.

पाऊस लागला होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना कपड्यांचे ढीग चिखलात पडलेले दिसले, आमच्या आधी आलेल्या ट्रकांनी टाकलेले. आम्ही उतरवायला लागलो तसे आमच्याच गाठोड्यांतून काय काय बाहेर आले: बटणे तुटलेले सदरे, फाटके परकर, एक टाय, लहान मुलीचा वाढदिवसाचा झालरीचा फ्रॉक. पत्र्याच्या आडोशाला एक म्हातारे गृहस्थ बसले होते. घरातली किती माणसे गेली ते मी विचारले नाही. त्यांनी ढिगाकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "बाई, तवा आहे का? पीठ आलंय, तवा न्हाई. जर्मनचं एखादं पातेलं? काडेपेटी?"

आमच्याकडे तवा नव्हता. एकही नव्हता. आमच्या शाळेच्या प्रत्येक मुलाच्या घरी एखादा जुना तवा माळ्यावर पडलेला असणार. आम्ही विचारलेच नव्हते. अण्णा जाऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. ट्रकमध्ये परत येताना मला त्यांचे गुरुवारचे घर आठवत राहिले. दुसऱ्या खेपेला आम्ही तवे, पातेली, कंदील आणि मेणबत्त्या नेल्या. उरलेल्या कपड्यांची गाठोडी शाळेत दिवाळीनंतरही होती, ती पाहिली की मी मान वळवत असे.

तर नातीने पैसे मागितले तेव्हा मी पाठवले खरे, पण लगेच फोनही केला. म्हटले, याची पावती? "आजी, आपोआप येते." आली की खरेच, मोबाईलवर. मग विचारले, घेणार काय आहात? जुने कपडे गोळा करू नका गं. ती म्हणाली, "नाही गं आजी, आम्ही आधी तिथल्या एका अंगणवाडीच्या ताईंना फोन केला. त्यांनी यादी दिली आहे." आणि तिने यादी पाठवली. दुसऱ्याच्या हातच्या कागदाचा फोटो होता, पेन्सिलने लिहिलेला:

फावडी १०, घमेली २०, खराटे, ब्लिचिंग पावडर, मुलांच्या वह्या (चौथीपर्यंत), बायकांसाठी पॅड, शेळ्यांना खाद्य. आणि शेवटी, वेगळ्या अक्षरात कोणीतरी नंतर घातलेले, तवे ६.

माझ्याकडे दोन तवे आहेत. एक बिडाचा, आईचा, तो देणार नाही. दुसरा उद्या नातीकडे देते.