नखाएवढ्या जागेवर धावणारी मालगाडी

आजची गोष्ट वरणगाव स्टेशनातून. भुसावळहून नागपूरकडे निघालात की लगेच लागतं ते. माझा मामा इथं की-मॅन होता. रोज हातोडा घेऊन रूळ तपासत मैलोन्‌मैल चालायचा. लहानपणी मी विचारलं, "मामा, एवढ्या पोलादाला काय होणारे?" रुळावरचा चकचकीत पट्टा दाखवत तो म्हणाला, "चाक जिथं पकडतं ना, तिथंच रूळ खातं."

हे गणितात बसवायला जगाला शंभर वर्षं लागली.

आपली ही लाईन 1867 मध्ये नागपूरला पोचली, जीआयपी रेल्वेची. तेव्हा घर्षणाचं गणित म्हणजे आमोंताँ आणि कुलोंब या फ्रेंच लोकांचे जुने नियम. वजन दुप्पट केलं, की घर्षण दुप्पट. आणि वस्तू एक तर जागेवर चिकटलेली, नाही तर घसरणारी. मधलं काही नाही.

मग आला हाइनरिश हर्ट्झ. वाय-फायच्या सेटिंगमध्ये '5 गिगाहर्ट्झ' दिसतं ना? तोच हा! 1880 च्या नाताळच्या सुट्टीत, वयाच्या 23 व्या वर्षी, त्यानं गणित मांडलं: काचेची दोन भिंगं एकमेकांवर दाबली, तर टेकलेली जागा किती मोठी होते? तेच गणित चाकालाही लागू पडतं. पोलादसुद्धा दबतं! चाक रुळाला टेकतं ते जेमतेम नखाएवढ्या जागेत, साधारण 1 चौरस सेंटिमीटर. भरलेल्या वाघिणीच्या एकेका चाकाखाली, एवढ्याशा जागेवर 10 टनांहून जास्त भार असतो.

पण हर्ट्झनं घर्षण बाजूला ठेवलं होतं. ते 1926 मध्ये कार्टर या इंग्रज इंजिनिअरनं हातात घेतलं. तो विजेच्या इंजिनांवर काम करायचा. आपल्याकडेही तेव्हा तेच वारं होतं. 1930 पर्यंत कल्याणहून इगतपुरी आणि पुण्यापर्यंत विजेच्या तारा गेल्या. कार्टरनं दाखवलं, की त्या नखाएवढ्या जागेत पुढचा भाग चिकटलेला असतो आणि मागचा किंचित सरकत असतो. दोन्ही एकाच वेळी! या बारीक सरकण्याशिवाय इंजिन गाडी ओढूच शकत नाही. पहिल्या पावसात रूळ निसरडे झाले, की सगळी जागाच सरकू लागते आणि चाक जागच्या जागी गरगरतं. म्हणून ड्रायव्हर चाकाखाली वाळू सोडतो.

1953 मध्ये आर्चर्डनं झिजेचा हिशेब दिला. भार जास्त, सरकणं जास्त, तर झीज जास्त. धातू कठीण, तर झीज कमी. पुढे नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या काल्करनं चाक-रुळाचं पूर्ण गणित बांधलं. 1982 मध्ये त्यानं 'फास्टसिम' ही पद्धत दिली आणि कॉम्प्युटरवर ते झटपट सुटू लागलं.

मग रूळ खूप कठीण केला, की काम झालं? नाही ना! एकाच जागी लाखो वेळा भार आला, की पृष्ठभागावर बारीक तडे जातात. थोडी झीज होत असेल, तर ते तडे वाढायच्या आत घासले जातात. झीज फारच कमी झाली, की तडे आत उतरतात. 17 ऑक्टोबर 2000 ला इंग्लंडमध्ये हॅटफिल्डजवळ अशाच तड्यांमुळे रूळ फुटला आणि 4 माणसं गेली. म्हणून आता रूळ मुद्दाम मशीननं घासतात.

मामाला यातलं एकही समीकरण माहीत नव्हतं. पण रोज वाकून तो बघायचा, ती जागा मात्र बरोबर हीच होती.

तुमच्या घरी कुणी रेल्वेत असेल, तर आज त्यांना रुळाबद्दल एक प्रश्न नक्की विचारा. भेटू पुढच्या भागात!