रेघ आणि बांध

मारेगावचा मुलूख आज यवतमाळ जिल्ह्यात मोडतो. १९०५ पूर्वी त्याच जिल्ह्याचे नाव वणी होते. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी आली. मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. एक चौरस साखळी म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर.

शेत मोजून कागदावर उतरले, तरी त्याच्या प्रती कशा निघाव्यात? पुण्याच्या सरकारी फोटोझिंको छापखान्यात नकाशाचे छायाचित्र घेऊन ते जस्ताच्या पत्र्यावर उतरवीत व छापीत. त्या काळच्या काचेवर निळी रेघ उमटतच नसे. म्हणून मूळ नकाशा काळ्याभोर शाईनेच काढावा लागे. नकाशा लहान करावयाचा तर अक्षरेही आधीच मोठी लिहावी लागत.

आज संगणकापुढे बसणाऱ्या आरेखकाची अडचण निराळी नाही. काळ्या पडद्यावर झळकणारी पिवळी रेघ पांढऱ्या कागदावर हरवते. म्हणून छापताना तो सारे रंग काळे करतो, आणि भेद जाडीने दाखवितो: शिवेची रेघ जाड, बांधाची मध्यम, मापांची बारीक.

मात्र जाडीलाही मर्यादा आहे. एकास दहा हजार प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवरील पाच मीटर झाकते. एवढ्या पट्ट्यासाठी सख्खे भाऊ कचेरीची पायरी चढतात. रेघ दिसलीही पाहिजे आणि तिने कोणाची जमीनही गिळता कामा नये, एवढाच या कलेचा धर्म.