उषा आणि झुंजूमुंजू

आपले वरंध सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी वसले आहे. येथे उजेड पसरला तरी सूर्य डोंगराआडून वर येण्यास बराच वेळ लागतो. सूर्याआधीच्या या प्रकाशाला आपल्या पूर्वजांनी एक सुंदर नाव दिले होते : उषा.

ऋग्वेदात उषेची सुमारे २० सूक्ते आहेत. 'वस्' म्हणजे उजळणे, या धातूपासून हा शब्द झाला. ग्रीकांची 'इऑस' व रोमनांची 'ऑरोरा' याही त्याच मुळातल्या, असे भाषापंडित सांगतात. ऋषींनी तिला द्युलोकाची कन्या व रात्रीची बहीण म्हटले. ती पुरातन असून नित्य तरुण. परंतु तिच्या प्रत्येक येण्याने माणसाचे आयुष्य झिजते, हेही ते विसरले नाहीत. तिच्या सूक्तकर्त्यांपैकी कक्षीवान हा एक. त्याची कन्या घोषा हीही मंत्रद्रष्टी होती. पहाटे येणाऱ्या अश्विनीकुमारांना उद्देशून तिची दोन सूक्ते दहाव्या मंडलात आहेत.

मराठीत या शब्दाला नवा अर्थ दिला तो हरिभाऊ आपट्यांनी. १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' पत्रातून त्यांची 'उषःकाल' ही कादंबरी क्रमशः आली. येथील उषा स्वराज्याची. त्या स्वराज्याची राजधानी पुढे आपल्याच महाड तालुक्यातील रायगडावर झाली.

परंतु भगिनींनो, ग्रंथांत उषेचे वर्णन होत असता त्या वेळी घरोघर जागे कोण होते? जात्यावर बसलेली बाई! तिच्या तोंडी 'उषा' नव्हती. ती म्हणे, झुंजूमुंजू झाले, तांबडे फुटले, कोंबडा आरवला. तिच्या ओव्या साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' या संग्रहात गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. तरीही गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि कित्येक ओव्या म्हणणारीबरोबरच संपल्या.

घोषेची सूक्ते तरी कशी उरली? पिढ्यान्‌पिढ्या ती कोणी तरी पाठ केली म्हणून. आपल्या घरच्या आजीच्या पहाटेच्या ओव्या व शब्द जपणार कोण? या वर्धापनदिनी प्रत्येकीने एक वही घालावी, आणि आजीजवळ बसून निदान एक ओवी तिच्याच शब्दांत उतरून घ्यावी.