सर्व्हर रॅक 19 इंचांचाच का?

घरच्या ऑफिसात छोटा सर्व्हर रॅक बांधायला सुताराकडे निघालात? थांबा, आधी ही गोष्ट ऐका.

रॅकमधल्या यंत्राची समोरची पट्टी 19 इंच रुंद असते. हे माप कॉम्प्युटरवाल्यांचं नाहीच, बरं का! लांबच्या टेलिफोन कॉलमध्ये तारेतून जाताना आवाज क्षीण व्हायचा. तो वाढवायला वाटेत ठिकठिकाणी रिपीटर लागायचे. 1920च्या दशकात अमेरिकेच्या एटी अँड टी कंपनीने त्यांच्या लोखंडी चौकटींचं माप पक्कं केलं: रुंदी 19 इंच, उंची पावणेदोन इंचांच्या पटीत. आपण ज्याला ‘1 यू’ म्हणतो, ते हेच पावणेदोन इंच, म्हणजे 44.45 मिलिमीटर.

पुढे व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, चिप आली. चौकट तीच राहिली. कारण ते माप सगळ्यांचं झालं होतं. एका कंपनीच्या स्विचखाली दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर बिनदिक्कत बसू लागला.

आता घरासाठी 10 इंची रॅकही मिळतात, पण त्यांचीही उंची ‘यू’मध्येच मोजतात. म्हणून सुताराला ‘अंदाजे कर’ म्हणू नका. मनाच्या मापाने केलंत तर आजचं सामान बसेल, उद्या घेतलेलं बाहेर राहील. भेटू पुढच्या भागात!