दुहेरी बूट

एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली बसवून, तो सुरू करताना हवी ती निवडण्याची सोय म्हणजे दुहेरी बूट. दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत. एकीतून दुसरीत जायचे तर संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. घरगुती संगणकावर ही जोडी बहुधा विंडोज आणि लिनक्सची असते.

जळगाव-धुळ्यासारख्या व्यापारी शहरांत या सोयीमागचे कारण घरातच सापडते. दुकानाचा हिशेब टॅलीवर आणि टॅली विंडोजवर. पत्रिका-हँडबिले ज्या श्रीलिपीत जुळवली जातात तीही विंडोजचीच. त्याच घरातली मुलगी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या (स्थापना १९९०) एखाद्या महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत असेल, तर सरावाला तिला लिनक्स लागते. त्यासाठी दुसरा संगणक घेणे बहुतेकांना परवडत नाही; लिनक्स मात्र फुकट मिळते.

संगणक चालू होताच त्याच्या बोर्डावरील यूईएफआय ही प्रणाली डिस्कवरच्या एका लहान, राखीव पार्टिशनमधून (कप्प्यातून) बूटलोडर, म्हणजे कार्यप्रणाली सुरू करून देणारा प्रोग्रॅम, उचलते. लिनक्सचा ‘ग्रब’ हा बूटलोडर निवडीची यादी दाखवतो आणि काही सेकंदांत कोणी कळ दाबली नाही तर पहिले नाव उघडतो. यूईएफआयच्या आधीच्या बायोस प्रणालीवर चालणाऱ्या जुन्या संगणकांत हे काम डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांतून चाले. विंडोज बसवताना ती जागा न विचारता पुसली जाई. म्हणून आधी विंडोज, मग लिनक्स हा क्रम रूढ झाला आणि तो आजही पाळावा.

बसवण्यात अवघड काही नाही, घाई मात्र नको. आधी सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असल्यास त्याची किल्ली कागदावर लिहून ठेवावी. विंडोजचे पार्टिशन विंडोजमधूनच लहान करावे. पार्टिशन सरकत असताना वीज गेली तर डेटा हाती लागेलच असे नाही. खान्देशाने भारनियमनाची वर्षे काढली आहेत. डेस्कटॉपला यूपीएस असल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये.

नंतरची सर्वांत गोंधळात टाकणारी अडचण घड्याळाची. विंडोज संगणकाच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स जागतिक प्रमाणवेळ. त्यामुळे लिनक्स वापरून विंडोजमध्ये परतल्यावर सकाळी दहाला पडद्यावर साडेचार दिसतात. हा फरक बरोबर साडेपाच तासांचा. लिनक्सलाही स्थानिक वेळ धरायला लावले की तो मिटतो. विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करावे, ते चालू असले की विंडोज पुरते बंद होत नाही आणि लिनक्समधून त्या पार्टिशनमध्ये लिहिणे अडते.

मराठीपुरता एक भेद कळीचा आहे. श्रीलिपीतला जुना मजकूर लिनक्समध्ये उघडला की निरर्थक चिन्हे दिसतात. युनिकोडमधला मजकूर दोन्हीकडे सारखाच वाचता येतो आणि इनस्क्रिप्ट कळफलकही दोन्हीकडे मिळतो. दुहेरी बूट करणाऱ्याने नवे लेखन युनिकोडमध्येच करावे.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ न पेलणाऱ्या जुन्या संगणकांवर विंडोज फक्त हिशेबापुरते ठेवून इंटरनेटसाठी लिनक्स वापरणे हा चांगला मार्ग आहे. रॅम भरपूर असेल तर आभासी यंत्राचा, म्हणजे एका कार्यप्रणालीच्या आतच दुसरी चालवण्याचा, पर्याय अधिक सोयीचा.

लिनक्स काढून टाकायचे झाल्यास आधी विंडोजचा बूटलोडर पूर्ववत करावा लागतो. नुसते पार्टिशन पुसले, तर जुन्या बायोस संगणकावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढीच ओळ येते आणि विंडोज शाबूत असूनही उघडत नाही.